लोकशाही, बाजारव्यवस्था आणि राज्यकारभार कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकशाही ही काय मोजायची गोष्ट आहे का?

थेट मोजता येत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. लोकशाहीला वजन नाही, उंची नाही. पण तिच्याबद्दल नेमके प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरं तपासता येतात. निवडणुकीत सत्ताधारी हरू शकतो का? हरला तर खुर्ची सोडतो का? सरकारविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश पुढच्या महिन्यात त्याच जागी असतो का? भ्रष्टाचाराची बातमी छापणारा पत्रकार रात्री आपल्या घरी झोपतो की कोठडीत?

निर्देशांक म्हणजे अशा प्रश्नांची एक ठरलेली यादी, उत्तरांना गुण देण्याची ठरलेली पद्धत आणि ती सगळ्या देशांना सारखी लावण्याची शिस्त. यादी कोणी केली, उत्तरं कोणी दिली आणि बेरीज कशी झाली, या तीन गोष्टी कळल्या की आकड्याची निम्मी जादू उतरते आणि त्याचा खरा उपयोग दिसू लागतो.

हे काम करतं कोण?

नेहमी कानावर पडणारी नावं पाच-सहा आहेत. अमेरिकेतली फ्रीडम हाउस ही संस्था १९४१ मध्ये सुरू झाली आणि १९७० च्या दशकापासून दरवर्षी देशांच्या स्वातंत्र्याचा अहवाल काढते. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या व्ही-डेम प्रकल्पाकडे पार १७८९ पर्यंत मागे जाणारी माहिती आहे. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटचा लोकशाही निर्देशांक २००६ पासून येतो. जागतिक बँकेचे कारभाराचे निर्देशांक १९९६ पासूनचे आहेत. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलचा भ्रष्टाचाराविषयीचा निर्देशांक १९९५ पासून निघतो.

लोकशाही, बाजारव्यवस्था आणि कारभार या तिन्हींचा एकत्र विचार करणारा, तोही विकसनशील आणि संक्रमणातून जाणाऱ्या देशांपुरता, असा निर्देशांक म्हणजे जर्मनीतल्या बर्टेल्समान फाउंडेशनचा ट्रान्सफॉर्मेशन इंडेक्स, थोडक्यात बीटीआय. या पानावर त्याच्याबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण तो कसा बनतो हे समजलं की बाकीचे वाचणं सोपं जातं.

बीटीआयमध्ये नेमकं काय असतं?

पहिली आवृत्ती २००३ ची. २००६ पासून दर दोन वर्षांनी नवी येते. सुरुवातीला ११६ देश होते, २०२४ च्या आवृत्तीत १३७. जिथे लोकशाही आणि बाजारव्यवस्था १९८९ च्या आधीच स्थिरावली असं मानलं जातं ते श्रीमंत देश यात नाहीत, आणि फार छोटे देशही बहुतेक वगळलेले आहेत. दक्षिण कोरिया, चिली, मेक्सिको, तुर्कस्तान मात्र आहेत.

मोजमाप तीन भागांत होतं. राजकीय भागात पाच निकष : राज्यसंस्थेची पकड, लोकांचा राजकीय सहभाग, कायद्याचं राज्य, लोकशाही संस्थांचं स्थैर्य, आणि पक्ष, संघटना व समाज यांची एकमेकांतली वीण. आर्थिक भागात सात, त्यात स्पर्धेचे नियम, चलन आणि तिजोरीचं स्थैर्य, खासगी मालमत्तेचे हक्क यांच्या जोडीला सामाजिक सुरक्षा आणि पर्यावरणाची काळजीही येते. कारभाराच्या भागात पुन्हा पाच. एकूण १७ निकष आणि तज्ज्ञांना विचारलेले ४९ प्रश्न. प्रत्येक उत्तराला १ ते १० गुण.

राजकीय आणि आर्थिक गुणांची सरासरी काढून देशाची स्थिती सांगणारा एक आकडा तयार होतो. कारभाराचा आकडा वेगळा ठेवतात. मला ही विभागणी फार मोलाची वाटते. देश आज कुठे उभा आहे आणि त्याचे राज्यकर्ते त्याला कसा हाकताहेत हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी सरमिसळ होते.

एका देशाला गुण कसे मिळतात, जरा तपशिलात सांगाल का?

प्रत्येक देशासाठी दोन तज्ज्ञ असतात, सहसा एक त्या देशातला आणि एक बाहेरचा. एक जण सविस्तर अहवाल लिहितो आणि गुण देतो. दुसरा तो तपासतो, आपली टिपणं जोडतो आणि स्वतंत्रपणे गुण देतो. त्यानंतर प्रादेशिक समन्वयक आपल्या भागातल्या सगळ्या देशांचे गुण शेजारी ठेवून पाहतात आणि शेवटी सगळे प्रदेश एकमेकांशी ताडले जातात. उत्तरपत्रिका तपासताना मॉडरेटर असतो ना, एका परीक्षकाचा सढळ हात आणि दुसऱ्याचा आखडता हात यांतला फरक काढणारा, तसंच हे काम आहे. जवळपास ३०० तज्ज्ञ यात गुंतलेले असतात.

आता एक प्रश्न जवळून पाहू. 'सत्ताविभाजन कितपत चालतं?' असा प्रश्न आहे. त्याच्यासोबत चार पायऱ्यांचं वर्णन दिलेलं असतं. सर्वांत वरच्या पायरीवर संसद, न्यायालय आणि सरकार एकमेकांना प्रत्यक्षात अडवू शकतात. त्याखाली अडवू शकतात, पण त्यात कुठे कुठे अडथळे आहेत. त्याखाली विभाजन कागदावर आहे, व्यवहारात फारच दुबळं. आणि तळाला ते उरलेलंच नाही. तज्ज्ञाने आधी पायरी ठरवायची, मग त्या पायरीतला नेमका गुण.

हा प्रश्न घेऊन मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशात जाऊ. १ मे २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या पक्षाचं बहुमत असलेली नवी संसद भरली. पहिल्याच बैठकीत तिने घटनापीठाचे पाचही न्यायाधीश आणि महाधिवक्ता यांना पदावरून काढलं आणि नवे नेमले. त्याच वर्षी साठीपुढच्या किंवा तीस वर्षं सेवा झालेल्या न्यायाधीशांना घरी पाठवणारा कायदा झाला. नव्या घटनापीठाने सप्टेंबरमध्ये निकाल दिला की राष्ट्राध्यक्षाला सलग दुसऱ्यांदा उभं राहता येईल. राज्यघटनेचा तोपर्यंतचा अर्थ याच्या उलट होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुकेले प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले.

इथे बरेच वाचक थांबतात आणि विचारतात : लोकांनीच निवडून दिलं, खूनही कमी झाले, मग गुण का कापायचे? प्रश्न काय विचारला होता ते पुन्हा पाहा. राष्ट्राध्यक्ष लोकप्रिय आहेत का, असं त्यात विचारलेलं नाही. त्यांना कोणी अडवू शकतं का, एवढंच विचारलं आहे. आणि त्याचं उत्तर मे २०२१ च्या आधी एक होतं, नंतर दुसरं झालं. सुरक्षिततेची नोंद वेगळ्या प्रश्नाखाली होते आणि तिथे सुधारणा झाली तर ती तिथे दिसायला हवी. प्रश्न सुटे ठेवण्याचा हाच फायदा : एका ठिकाणची कमाई दुसऱ्या ठिकाणची तूट झाकू शकत नाही. एकूण सरासरीत मात्र ती झाकली जाते. म्हणून मी पहिल्यापासून सांगतो, सुटे गुण बघा.

निवडणुका होतात, तरी एखाद्या देशाला हुकूमशाही का म्हणतात?

बीटीआयमध्ये किमान अटी आहेत. मुक्त निवडणुकांच्या प्रश्नाला ६ पेक्षा कमी गुण पडले तर देश लोकशाहीच्या यादीतून बाहेर. निवडून आलेल्यांच्या हाती खरी सत्ता असणं, संघटना आणि सभेचं स्वातंत्र्य, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, सत्ताविभाजन, नागरी हक्क या प्रत्येकाला किमान ४ हवेत. राज्यसंस्थाच कोसळलेली असली तरीही देश बाहेर. यांतली एक अट मोडली तरी पुरते, बाकीचे गुण कितीही चांगले असोत.

२०१८ च्या आवृत्तीत बांगलादेश, लेबनॉन, मोझांबिक, निकाराग्वा आणि युगांडा हे पाच देश या रेषेखाली गेले. बांगलादेशात जानेवारी २०१४ च्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला होता आणि ३०० पैकी निम्म्याहून जास्त जागा बिनविरोध गेल्या होत्या. लेबनॉनमध्ये २००९ साली निवडलेली संसद स्वतःचीच मुदत वाढवत राहिली होती, नवी निवडणूक थेट मे २०१८ मध्ये झाली. दोन्हीकडे संसद होती, पक्ष होते, वर्तमानपत्रं होती. मतदाराला सरकार बदलण्याची संधी मात्र उरली नव्हती.

२०२२ च्या आवृत्तीत हुकूमशाही देशांची संख्या पहिल्यांदाच लोकशाही देशांपेक्षा जास्त झाली : ७० विरुद्ध ६७. २०२४ मध्ये ७४ विरुद्ध ६३.

बाजारव्यवस्था मोजायला जीडीपी पुरत नाही का? तो तर पक्का आकडा आहे.

तो दिसतो तितका पक्का नाही. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये जीडीपीचं आधारवर्ष, म्हणजे हिशेब ज्या वर्षाच्या चित्रावर बेतलेला असतो ते वर्ष, बदललं आणि अर्थव्यवस्था एका दिवसात सुमारे ८९ टक्क्यांनी मोठी झाली. ती दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेली. त्या दिवशी नायजेरियात एकही जास्तीचा कारखाना उभा राहिला नव्हता. जुन्या हिशेबात मोबाइल सेवा आणि चित्रपट व्यवसाय जवळजवळ धरलेच नव्हते, ते आता धरले गेले. घानाचा आकडाही २०१० मध्ये असाच साठ टक्क्यांहून जास्त फुगला होता.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ लुइस मार्टिनेझ यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपग्रहांनी टिपलेले रात्रीचे दिवे आणि सरकारांनी जाहीर केलेला जीडीपी यांची तुलना केली. अर्थव्यवस्था वाढली की रात्रीचे दिवेही वाढतात, आणि ते सरकारला फुगवता येत नाहीत. दिवे तेवढेच वाढलेले असताना हुकूमशाही देशांचा जाहीर जीडीपी जास्त वाढलेला दिसत होता. त्यांचा अंदाज असा की असे देश वार्षिक वाढीचा दर साधारण ३५ टक्क्यांनी फुगवून सांगतात. म्हणजे आकडा किती खरा, हे त्या देशात सरकारला प्रश्न विचारता येतो की नाही यावर अवलंबून राहतं. अर्थव्यवस्थेची आणि लोकशाहीची मोजणी एकमेकांपासून तोडता येत नाही, ती इथे.

म्हणून बीटीआय उत्पन्नाच्या आकड्यांसोबत नियमही विचारतो. मक्तेदारीला आळा घालणारी यंत्रणा काम करते का, मध्यवर्ती बँकेला स्वतःचा निर्णय घेता येतो का, छोट्या व्यावसायिकाची जमीन कोणी बळकावली तर त्याला न्यायालयात दाद मिळते का. वाढीचा दर चांगला असून या उत्तरांत नापास झालेले देश पुष्कळ सापडतील.

गरीब किंवा युद्धग्रस्त देशाला कारभाराचे गुण कमीच मिळणार. हा अन्याय नाही का?

या आक्षेपाचा विचार बीटीआयमध्ये केलेला आहे. कारभाराच्या पाच निकषांपैकी एक आहे 'अडचणीची पातळी'. दारिद्र्य, शिक्षणाचा अभाव, समाजातला संघर्ष, नागरी संघटनांची तुटपुंजी परंपरा, अशा गोष्टी तिथे धरतात. उरलेल्या चार निकषांचे गुण काढले की या अडचणीनुसार त्यांत थोडी वाढ होते. सारखाच कारभार दोन देशांनी केला आणि एकाची परिस्थिती अवघड असेल, तर त्याला जरा जास्त मिळतं.

ही वाढ माफक ठेवलेली आहे आणि ते योग्यच आहे. परिस्थिती वाईट होती म्हणून तिजोरी लुटणाऱ्या सरकारला सूट मिळू नये.

लोकशाही नसलेले देश जास्त झपाट्याने काम करतात, असं आकडे दाखवतात का?

या समजाला आधार म्हणून हटकून सिंगापूरचं नाव येतं. बीटीआयमध्ये सिंगापूर मवाळ हुकूमशाहीच्या गटात आहे आणि बाजारव्यवस्थेच्या गुणांत आघाडीवर. पण सिंगापूर हा नमुना नाही, अपवाद आहे. कारभाराच्या यादीत वरच्या टोकाला एस्टोनिया, तैवान, उरुग्वे, चिली असे लोकशाही देश वर्षानुवर्षं दिसतात आणि तळाला गर्दी असते ती कडव्या हुकूमशाह्यांची. निर्णय झटपट घेणं वेगळं आणि चुकीचा निर्णय वेळेत मागे घेणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी चूक दाखवणारा माणूस लागतो, आणि त्याला गप्प केलेलं असलं की चूक वाढत जाते.

हे मोजणारे सगळे पाश्चात्त्य. मग ते निःपक्षपाती कसे असतील?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, पण त्याचे तीन तुकडे केले तर उत्तर देता येतं.

पैसा. फ्रीडम हाउसचा बराचसा खर्च अनेक वर्षं अमेरिकी सरकारच्या अनुदानांतून चालत आला. बर्टेल्समान फाउंडेशन १९७७ मध्ये राइनहार्ट मोन यांनी स्थापन केलं आणि त्याच्याकडे बर्टेल्समान या माध्यम कंपनीचे बहुसंख्य समभाग आहेत. वाचकाला हे माहीत असायलाच हवं. पैशाचा स्रोत कळला म्हणून गुण खोटे ठरत नाहीत, पण कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते राहिले हे बघताना त्याचा उपयोग होतो.

मूल्यं. बीटीआय काही लपवत नाही : कायद्याने चालणारी लोकशाही आणि सामाजिक जबाबदारी पाळणारी बाजारव्यवस्था हे त्याचं उद्दिष्टच आहे. या दुसऱ्या कल्पनेत युद्धोत्तर पश्चिम जर्मनीच्या अनुभवाची छाप स्पष्ट आहे. सहकार किंवा सार्वजनिक मालकी यांना मध्यवर्ती मानणाऱ्या माणसाला ही मोजपट्टी अपुरी वाटेल आणि त्याचा आक्षेप रास्त आहे. मात्र तुरुंगात छळ होऊ नये, मतपेटी फोडू नये, या अपेक्षांना पाश्चात्त्य म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. छळ झालेला माणूस कोणत्याही खंडात तीच तक्रार करतो.

आणि दुटप्पीपणा. माझा स्वतःचा मोठा आक्षेप इथे आहे. श्रीमंत देश बीटीआयमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी त्याच फाउंडेशनचा वेगळा निर्देशांक आहे, वेगळ्या प्रश्नांचा. न्यायालयावर दबाव, माध्यमांची मक्तेदारी, मतदानात अडथळे या गोष्टी केवळ गरीब देशांच्या नाहीत. एकाच मोजपट्टीने सगळे मोजले असते तर या कामाचं नैतिक वजन कितीतरी वाढलं असतं. फ्रीडम हाउस आणि व्ही-डेम निदान अमेरिकेलाही त्याच यादीत मोजतात.

भारताबद्दल हे निर्देशांक काय सांगतात?

चार संस्था, चार नावं. फ्रीडम हाउसने २०२१ च्या अहवालात भारताला 'अंशतः मुक्त' गटात टाकलं, गुण १०० पैकी ६७, आदल्या वर्षी ७१ होते. व्ही-डेमने त्याच वर्षी 'निवडणुका घेणारी एकाधिकारशाही' म्हटलं. इकॉनॉमिस्ट युनिटच्या हिशेबात ती 'उणिवा असलेली लोकशाही' : २०१४ मध्ये १० पैकी ७.९२, २०२० मध्ये ६.६१. बीटीआयच्या २०२४ च्या आवृत्तीतही ती 'सदोष लोकशाही'च आहे.

सरकारने यावर कडाडून आक्षेप घेतला. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेतून नोव्हेंबर २०२२ मध्ये संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांचा निबंध आला. त्यातला सर्वांत टोकदार मुद्दा असा : दोन निर्देशांकांत भारताचे अलीकडचे गुण १९७० च्या दशकातल्या आणीबाणीच्या पातळीला पोहोचलेले दिसतात. हे कसं पटावं? शिवाय मोजके, अनामिक तज्ज्ञ हे ठरवतात.

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. जुन्या काळाचे गुण आज बसून देताना विस्मरण होतं, हे खरं. तज्ज्ञांची नावं गुप्त ठेवल्याने शंकेला जागा राहते, हेही खरं. पण नावं उघड केली तर अनेक देशांत त्या तज्ज्ञांच्या जिवावर बेतेल, ही बाजू निबंधातल्या टीकेपेक्षा मला जड वाटते. आणि काही गोष्टींना तज्ज्ञ लागतच नाहीत. इंटरनेट किती वेळा बंद केलं हे मोजता येतं. ॲक्सेस नाउ या संस्थेच्या नोंदीत २०१८ ते २०२३ सलग भारत पहिला होता. २०२४ मध्ये म्यानमार ८५ आणि भारत ८४.

चारही संस्थांच्या आकड्यांत घसरण आहे का आणि ती कोणत्या प्रश्नांत आहे, हे पाहणं महत्त्वाचं. गटाच्या नावावरून भांडण्यात वेळ जातो. व्ही-डेममध्ये ० ते १ च्या मापावर ०.५ ही एक रेषा आहे. ती जरा इकडेतिकडे झाली की नाव बदलतं, देशातली परिस्थिती मात्र तेवढीच राहते.

तज्ज्ञांच्या मतांपेक्षा थेट मोजता येणाऱ्या गोष्टीच का घेत नाहीत?

यावर सध्या अभ्यासकांत चांगलंच जुंपलेलं आहे. अँड्र्यू लिटल आणि ॲन मेंग या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी सत्ताधारी किती वेळा निवडणूक हरतात, किती फरकाने जिंकतात, अशा वस्तुनिष्ठ गोष्टी मोजल्या आणि निष्कर्ष काढला की गेल्या दशकात जगभर सरासरी मोठी घसरण झाल्याचा पुरावा त्यात दिसत नाही. कदाचित बातम्या वाचून तज्ज्ञ आधीपेक्षा निराश झाले असतील, अशी शक्यता त्यांनी मांडली. व्ही-डेमच्या लोकांनी उत्तर दिलं : आजचे सत्ताधारी मतपेटी पळवत नाहीत. ते निवडणूक आयोगात आपली माणसं बसवतात, माध्यमं मित्रांकडून विकत घेववतात, कर खात्याची नोटीस पाठवतात. हे मोजायला जाणकाराची नजर लागते.

मला दोन्ही हवंसं वाटतं. व्ही-डेम एकेका प्रश्नाला सहसा पाच किंवा जास्त तज्ज्ञ देतो, काल्पनिक देशांची वर्णनं देऊन त्यांचा हात सढळ आहे की आखडता ते तपासतो आणि अनिश्चितता आकड्यासोबत छापतो. मत हे मतच राहतं, पण त्याची चूक किती असू शकते हे तरी कळतं. इकॉनॉमिस्ट युनिट आपले तज्ज्ञ कोण आणि किती हे सांगत नाही. ही ढिलाई आहे.

देश पाच क्रमांकांनी घसरला म्हणजे काय झालं?

बहुतेक वेळा काहीच नाही. यादीच्या मध्यात देश दाटीवाटीने असतात, दशांशाच्या फरकाने पाच-सात जागा बदलतात. दुसरे पुढे गेले म्हणूनही आपण मागे जातो. जागतिक बँक आपल्या कारभार निर्देशांकांसोबत चुकीची शक्य मर्यादा देते. ती पाहिली तर शेजारच्या कितीतरी देशांत खरा फरक सांगताच येत नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलचे २०१२ पूर्वीचे गुण तर नंतरच्या गुणांशी ताडूच नयेत, पद्धतच बदलली आहे.

या आकड्यांत कधी फेरफार झाला आहे का?

झाला आहे, आणि तोही जागतिक बँकेत. उद्योगसुलभतेचा 'डुइंग बिझनेस' अहवाल २००३ पासून निघत होता. देशोदेशीची सरकारं त्यात वर चढण्यासाठी धडपडत होती. भारत १४२ वरून २०२० च्या आवृत्तीत ६३ वर आला. त्यासाठी मोजणी मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांचीच होत होती, हे फार कमी बातम्यांत आलं.

मग गडबडी उघड झाल्या. २०१८ आणि २०२० च्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या माहितीत अनियमितता सापडल्या. बाहेरच्या वकिलांच्या चौकशीनुसार २०१८ च्या अहवालात चीन ८५ व्या क्रमांकावर जाणार होता. वरून दबाव आला, काही आकड्यांना हात लावला गेला आणि चीन ७८ वर राहिला. १६ सप्टेंबर २०२१ रोजी बँकेने हा अहवाल कायमचा बंद केला. त्याच्या जागी 'बी-रेडी' हा नवा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला.

ज्या संस्थेत मोजले जाणारे देशच भागधारक आहेत, तिने त्यांची क्रमवारी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अहवालात ताज्या घडामोडी का नसतात?

बीटीआयचा निरीक्षणकाळ जानेवारीअखेर संपतो आणि लेखन, तपासणी, ताडणी यांत वर्षभर जातं. २०२२ च्या आवृत्तीची मुदत ३१ जानेवारी २०२१ ला संपली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. ट्युनिशियात राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी त्याच वर्षी २५ जुलैला संसद गोठवली, ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं. या सगळ्याचं मोजमाप व्हायचं ते पुढच्या आवृत्तीत. म्हणून अहवाल उघडल्यावर मुखपृष्ठावरचं वर्ष न बघता आतला निरीक्षणकाळ बघा.

या आकड्यांचा कुणावर प्रत्यक्ष परिणाम होतो?

होतो. अमेरिकेचं २००४ मध्ये स्थापन झालेलं मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन मदत कोणत्या देशाला द्यायची हे ठरवताना अशाच निर्देशांकांचं गुणपत्रक वापरतं. देशाचं पतमानांकन करताना कारभाराचे आकडे धरले जातात आणि त्यावरून कर्जाचा दर हलतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी : हे निर्देशांक एकमेकांत मिसळलेले आहेत. बीटीआयचे काही गुण ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात स्रोत म्हणून जातात, जागतिक बँकेच्या निर्देशांकांतही जातात. त्यामुळे 'तीन स्वतंत्र अहवाल हेच सांगतात' असं कोणी म्हणालं, तर ते तीन खरोखर स्वतंत्र आहेत का ते आधी तपासा.

सामान्य वाचकाने सुरुवात कुठून करावी?

देशाच्या अहवालापासून. बीटीआयच्या प्रत्येक देशाचा अहवाल तीसेक पानांचा असतो, प्रश्नागणिक परिच्छेद लिहिलेला असतो आणि प्रत्येक परिच्छेदाला गुण असतो. ज्या देशाबद्दल आपल्याला थोडंफार माहीत आहे तो घ्या. न्यायव्यवस्थेचा किंवा निवडणुकांचा परिच्छेद वाचा आणि गुण न पाहता स्वतः किती द्याल ते ठरवा. मग छापलेला गुण पाहा. फरक पडला तर कारण शोधा : लेखकाला माहीत नसलेलं काही आपल्याला माहीत आहे, की उलट? असे चार-पाच परिच्छेद झाले की पद्धतीची ताकद आणि तिच्या फटी दोन्ही दिसतात. मग त्याच देशाच्या मागच्या तीन-चार आवृत्त्या काढून एकाच प्रश्नाचे गुण ओळीने लिहा.

हे सगळं वाचायला पैसे पडतात का?

बीटीआयचे देश-अहवाल आणि गुणांचे तक्ते, फ्रीडम हाउसचे अहवाल, व्ही-डेमची संपूर्ण माहिती आणि जागतिक बँकेचे निर्देशांक संकेतस्थळांवर मोफत मिळतात. मात्र हे कायम असंच राहील हे गृहीत धरू नका. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत कापली तेव्हा फ्रीडम हाउसला मोठा फटका बसला. विकसनशील देशांतल्या आरोग्य आणि लोकसंख्येची घरोघर जाऊन माहिती गोळा करणारा डीएचएस पाहणी कार्यक्रमही तेव्हाच थांबवला गेला. ज्या देशांच्या आकडेवारीवर तुमचा अभ्यास चालू आहे, तिच्या जुन्या आवृत्त्या आजच उतरवून ठेवा.